ॲशट्रेमागचे दोन काटे

इंदूर, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

फोनवर तुला खरखर सोडून काही ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगितली तर अर्ध्या जुनी इंदूर मोहल्ल्याला कळेल. म्हणून पत्र. माझ्या मराठीतली हिंदी गाळून वाच.

काल विक्रांत पागे घरी आला होता. हौ, तोच, गाड्यांच्या क्लबवाला.

बाबांनी तुला तेव्हा काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे. "यंदा नंबर नाही आला, ताई." बस, इतकंच. पूर्ण किस्सा मीही कधी लिहिला नाही. आज लिहिते, नाही तर पुढचं तुला समजणार नाही.

गेल्या वर्षी इथल्या लालबागच्या मैदानात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. बाबांची फियाट 'ओरिजिनल' वर्गात होती. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच्या तशी राखलेली गाडी. पागे क्लबचा सेक्रेटरी आणि त्या वर्गाचा परीक्षक. त्यानं स्टिअरिंगखाली हात घातला आणि बाबांनी तिथे लावलेला छोटा टेम्परेचर मीटर त्याला सापडला. मांडूच्या रस्त्यावर एकदा इंजिन उकळलं होतं, तेव्हापासूनचा तो. बाबा विसरूनसुद्धा गेले होते गं. दुसरा कुणी असता तर मार्क कापून पुढे गेला असता. यानं माइक मागवला. "मोघे सरांनी जिंदगीभर फिजिक्स शिकवलं, ईमानदारी शिकायची राहून गेली!" लोक हसले. त्यांच्यात बाबांचे विद्यार्थी होते. मग म्हणाला, गाडी लाइनीतून बाहेर काढा. बाबांना चावी लागेना, शेवटी मीच लावून दिली.

त्यानंतर त्यांनी फियाटवर ताडपत्री घातली. सकाळचं फिरणं बंद, वाचनालय बंद. श्रावणात गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हटलं, असेल.

आणि काल तोच माणूस बाबांच्या खुर्चीत बसून पोहे खाऊन गेला. त्याच्याकडे आता हेराल्ड गाडी आहे, लाकडी डॅशबोर्डची, आणि फेब्रुवारीच्या प्रदर्शनात त्याला तिच्यावर पहिला नंबर घ्यायचाय. पण साठ वर्षांची गाडी, राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तापणारच. इंजिन किती तापलं, ऑइलचं प्रेशर किती, हे त्याला बसल्या जागी कळायला हवं. म्हणजे मीटर हवेत, पण असे की कुणालाच दिसणार नाहीत. "संहिताजी, जुने मीटर दुरुस्त करता तुम्ही, पूर्ण शहरात हे काम तुम्हीच करू शकता. गुपचूप. आपल्यातच राहू द्या." वर म्हणाला, "सर बडे जिंदादिल होते हो."

आत्या, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. कुठे तरी लाज दिसेल म्हणून. त्याला आठवतच नव्हतं.

मी काम घेतलं. रागावू नको.

तुझी,
संहिता


मिरज, २० नोव्हेंबर २०२४

चि. संहिता,

रागावू नको म्हणे! पत्र वाचता वाचता मी ओरडलेच. शेजारच्या शालिनीला वाटलं मला काही झालं; ती साखरपाणी घेऊन धावली.

ज्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, त्याला तू पोहे दिलेस? वर शेवही भुरभुरली असशील, इंदूरची ना तू! आणि रघूच्या खुर्चीत बसवलंस. माझा भाऊ लहानपणी परदेशीपुऱ्यातल्या घरी गिरणीच्या भोंग्याला घाबरायचा आणि माझ्या परकरात तोंड लपवायचा. एवढ्या माणसांत त्याला कुणी हसलं, आणि त्यानं ते पोटात ठेवून मला 'नंबर नाही आला' एवढंच कळवलं. मी आज दुपारभर रडले. आता रडून झालं.

काम घेतलंस ते चांगलं केलंस, असं मी आता म्हणते. गाडी तुझ्या हातात येणार. पेट्रोलच्या टाकीत साखर घाल. इंजिन मरतं म्हणतात. कुणाला कळत नाही.

तुझी आत्या
सरोजिनी


इंदूर, ८ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

साखर नाही. गाडीचा काय गुन्हा? आणि गाडी बिघडली तर लोक मालकासाठी हळहळतात. मला त्याच्यासाठी कुणाची हळहळ नकोय. त्याच्यावर लोक हसले पाहिजेत, त्याच मैदानात.

ऐक मी काय केलंय. हेराल्डच्या डॅशबोर्डच्या मधोमध ॲशट्रे आहे. झाकण तेच ठेवलं, आतला डबा काढला आणि त्या जागी दोन मीटर बसवले, नाण्याएवढे. एकाचा काटा पाणी किती तापलं ते दाखवतो, दुसऱ्याचा ऑइलचं प्रेशर. तबकड्या क्रीम रंगाच्या, आकडे जुन्या वळणाचे. वायरींवर जुन्यासारखं कापडी वेष्टण चढवलं, त्या मूळच्या वायरींत मिसळून गेल्या. झाकण लावलं की ब्रह्मदेवालाही पत्ता लागणार नाही. इतकं देखणं काम मी आजवर कुणासाठी केलं नव्हतं. त्याच्यासाठी झालं, याचं मलाच कसंतरी वाटतं.

आणि आता खरी गोष्ट. झाकणाच्या मागे मी एक स्प्रिंग आणि विजेवर सुटणारी कडी बसवलीय. इंजिन एका मर्यादेपलीकडे तापलं की कडी सुटणार, झाकण फटकन उघडणार आणि आतला दिवा लागणार. परीक्षक येतात तेव्हा इंजिन चालू ठेवावं लागतं. रांगेत, उन्हात. पागे स्टिअरिंगवर दात काढून बसलेला असेल आणि परीक्षकाच्या नाकासमोर त्याची चोरी आपोआप उघडेल. मला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

रात्री अंथरुणावर पडले की मी ते झाकण उघडताना बघते. मग झोप छान लागते.

गाडी आणायला-न्यायला त्याची मुलगी येते, वल्लरी. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई नाही तिला. गाडी सोडून जात नाही, स्टूल ओढून बसते आणि विचारत राहते, "ताई, ये वाला तार कुठे जातो?" मी तिला कडीबद्दल काही सांगितलेलं नाही, अर्थात.

तुझी,
संहिता


मिरज, १७ डिसेंबर २०२४

चि. संहिता,

पत्र दोनदा वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. रघूची लेक शोभतेस. झाकण उघडताना घंटा वाजेल अशी काही सोय होते का बघ. लांब उभ्या असलेल्यांनाही कळायला हवं.

एक मात्र सांगते. ती मुलगी कितीही गोड असली तरी पागेची आहे. तिला स्टुलावरून उठव. शत्रूच्या घरातल्या माणसाला रोज चहा पाजला की आपला हात जड होतो. मी सासरी चाळीस वर्षं काढली आहेत, मला विचार.

सरोजिनीआत्या


इंदूर, २५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तेच झालं. हात जड झाला.

वल्लरी आता वायरींना सोल्डरचा डाग द्यायला शिकली. मीटरच्या तबकड्यांवरचे माझे आकडे मला नंतर मनासारखे वाटेनात, ते शेवटी तिनं नव्यानं रंगवले, भिंग डोळ्याला लावून. माझ्यापेक्षा चांगले झाले. एक दिवस तिनं विचारलं, ताडपत्रीखाली काय आहे? मी दाखवली फियाट. आत बसून तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पप्पा सांगतात, मोघे सर बहुत अच्छे होते." मी तोंड फिरवून पक्कड शोधायला लागले.

मी तिला आडून विचारलं, असे मीटर लावलेले 'ओरिजिनल' वर्गात चालतात का? ती म्हणाली, "पप्पांनी कमिटीला विचारून घेतलंय नं. सेफ्टीसाठी चालतंय म्हणे." म्हणजे तिच्याशीही तो खोटं बोलला आहे.

आणि काल कळलं की सेक्रेटरीला स्वतःची गाडी उतरवता येत नाही म्हणून त्यानं हेराल्ड वल्लरीच्या नावावर लावली आहे. खजराण्याच्या गणपतीला नेऊन, हार घालून, पूजाही झाली. प्रदर्शनाच्या दिवशी स्टिअरिंगवर ती बसणार. झाकण तिच्यासमोर उघडेल. हसतील ते तिला हसतील.

मी कडी काढून टाकतेय. मीटर राहू देत, ते त्यानं मागितलेच होते. यंदा पुण्याहून सुशांत गद्रे म्हणून परीक्षक येणार आहेत, फार कडक आहेत म्हणतात, पण ॲशट्रे कोण उघडून बघतो? पागे जिंकेल. जिंकू दे. बाबांसाठी मी दुसरं काही शोधीन.

तुझी,
संहिता


मिरज, ३ फेब्रुवारी २०२५

चि. संहिता,

पत्र मिळालं. ठीक आहे. तुझ्या मनाला जे पटतं ते कर, मी म्हातारी काय बोलणार. इकडे थंडी ओसरली. शालिनीनं तिळाच्या वड्या दिल्या, त्या अजून पुरवून खाते आहे.

ते गद्रे म्हणजे कोथरूडचे का गं? शालिनीच्या नणंदेकडे त्यांचं येणंजाणं आहे असं ती म्हणत होती. सहज लिहिलं.

तब्येतीला जप.

सरोजिनीआत्या


इंदूर, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

परवा प्रदर्शन झालं. मी जाणार नव्हते, पण वल्लरीनं दहादा फोन केला. मी दोरीच्या अलीकडे, गर्दीत उभी होते.

गद्रे आले. बॉनेट बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. थेट दार उघडून वाकले आणि ॲशट्रेवर बोट ठेवलं. "हे उघडा."

आणि आत्या, वल्लरीनं हसत उघडलं! इतकी खूश होती. "देखिए सर, हे आकडे मी रंगवलेत." तिला वाटलं तिच्या कामाचं कौतुक करायला ते आलेत.

गद्रे म्हणाले, "हा ओरिजिनल वर्ग आहे. हे कुणाच्या सांगण्यावरून लावलं?"

पागे माइक घेऊन मागेच उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्याला मी दिसले. माइक बंद करायचंही त्याला सुचलं नाही, की सुचलं आणि केलं नाही, देव जाणे. म्हणाला, "सर, मला यातलं काहीच माहीत नाही. गाडी मुलीच्या नावावर आहे. तिनं त्या मोघ्यांच्या मुलीकडून काही तरी करून घेतलं असणार. जसा बाप, तशी बेटी."

मी दोरीखालून आत गेले. मला आठवत नाही कशी गेले. म्हटलं, "पागेसाहेब, माझ्या बाबांनी मीटर लपवलेला नव्हता. लपवून लावा असं तुम्ही सांगायला आलात. माझ्या घरी बसून."

"पुरावा?" तो म्हणाला.

मी वल्लरीकडे बघितलं नाही. शपथेवर सांगते, एकदाही नाही. मला तिला यात ओढायचं नव्हतं. पण ती आपणहून खाली उतरली. "पुरावा मी आहे, पप्पा. गाडी घेऊन तुम्हीच मला पाठवत होतात. कमिटीला विचारलंय म्हणालात. आणि आता सगळ्यांसमोर माझ्यावर टाकून मोकळे झालात?" सगळं माइकवर ऐकू जात होतं. तिनं आत वाकून इंजिन बंद केलं, चावी त्याच्या हातात ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागली. तो हाका मारत राहिला. तिनं मागे वळून बघितलं नाही.

गद्रे म्हणाले, गाडी रांगेतून काढा. पागे आत बसला. तापलेलं इंजिन काही केल्या चालू होईना. शेवटी चार जणांनी ढकलत गाडी मैदानाबाहेर नेली, हा आत स्टिअरिंग धरून. कुणी तरी इंदुरी थाटात ओरडलं, "भिया, मीटर बघा, मीटर काय म्हणतोय!" अख्खं मैदान हसलं.

मी पण हसले. पोट धरून हसले.

फक्त एक कळत नाही. गद्रेंना सांगितलं कुणी?

तुझी,
संहिता


मिरज, २७ फेब्रुवारी २०२५

चि. संहिता,

मी सांगितलं.

माझ्या कानांचा उपयोग नाही म्हणून शालिनीकडून फोन करवला. ती घाबरत होती, मी शेजारी बसून एकेक शब्द सांगितला. ॲशट्रे उघडा म्हणावं, बाकी काही बोलू नको. तू मऊ पडलीस, मी पडले नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे. रघू माझा भाऊ होता, तुझा बाप व्हायच्या आधीपासून.

मुलीचं वाईट वाटलं. नाही असं नाही. पण तिच्या बापानं तिला पुढे केलं, आपण नाही.

गाडी ढकलत नेली ते पुन्हा एकदा सविस्तर लिही. तो लाल झाला होता का? मान खाली होती का? सगळं लिही. शालिनीलाही वाचून दाखवायचं आहे.

सरोजिनीआत्या


इंदूर, ९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

राग आला होता. दोन दिवस आला. मग गेला, कारण आतून मला बरंच वाटत होतं.

पागेला क्लबनं काढलं. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत त्याच्याकडे बघून लोक अजून "मीटर, मीटर" करतात. मान खाली होती, आणि लालच नाही, जांभळा झाला होता. शालिनीकाकूंना सांग.

परवा संध्याकाळी तो आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. वल्लरी त्या दिवसापासून घरी गेलेली नाही. "मी ठीक आहे, शोधू नका" एवढाच मेसेज तिनं त्याला केलाय. तो म्हणाला, "संहिताजी, तुम्ही तिला एकदा सांगा की मीटर लपवायची आयडिया तुमची होती. तुमचं ती ऐकते. मग ती घरी येईल."

म्हणजे बघ. अजूनही खोटंच.

मी म्हटलं, नाही. आत्या, माझ्या तोंडून नाही हा शब्द इतका गोड कधी निघाला नव्हता. त्यानं हात जोडले. मी बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं, ते जाऊ द्या. ती कुठे आहे एवढं तरी माहीत आहे का तुम्हाला? जेवते का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

वल्लरी वर माझ्या खोलीत आहे. प्रदर्शनानंतर चार दिवस मैत्रिणीकडे राहिली, मग माझ्याकडे आली. तो फाटकाशी उभा होता तेव्हा ती वर बसून चित्र काढत होती. तो आल्याचंही मी तिला सांगितलं नाही.

आता त्याला कळेल, आपलं माणूस असून नसणं काय असतं. बाबा माझ्यासमोर तसे बसून असायचे, कितीतरी महिने. तुला आवडेल म्हणून लिहिलं.

तुझी,
संहिता


मिरज, १८ मार्च २०२५

संहिता,

मला आवडलं नाही.

मला त्याचं नाक कापायचं होतं. ते कापलं, चार लोकांत कापलं, आणि मरेपर्यंत मला त्याचा पश्चात्ताप होणार नाही. पण जेवते का, असं विचारणाऱ्या बापाला मुलगी घरात असताना तू 'मला काय माहीत' म्हणालीस? शालिनीला हे पत्र मी वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली.

मुलगी मोठी आहे. घरी जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. बापाशी भांडायचं असेल तर तीच भांडेल, चांगलं कडाडून भांडेल, त्या दिवशी भांडलीच की. पण तो दारात आला होता हे तिला कळायला हवं, आणि ती सुखरूप आहे हे त्याला. दोघांच्या मधे तू दार लावून बसलीस. आता तू काही रघूसाठी करत नाहीस, बाळा. तुला चटक लागली आहे. मला माहीत आहे, कारण मलाही लागली होती.

पत्र खाली ठेव आणि आधी वर जा.

आत्या


इंदूर, २६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पत्र दुपारी मिळालं. वाचून मी तासभर ओट्याशी उभी होते. तुला उलट लिहायचं म्हणून दोन वाक्यं मनात जुळवलीही. मग वर गेले.

वल्लरीला सगळं सांगितलं. आधी, पप्पा आले होते आणि मी खोटं बोलले हे. मग बाबांचं, माइकचं, पोह्यांचं. झाकणामागे मी कडी बसवली होती, ते. ती काढली, ते. तू फोन करवलास, तेही. एकदा सुरुवात केली तर मला थांबता येईना. ती मधे एकच म्हणाली, "सरांना पप्पा असं बोलले?" तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं स्वतः फोन लावला. अर्ध्या तासात पागे आला. मी खाली गेले नाही, खिडकीतून बघितलं. ती फाटकाबाहेर गेली. तो बोलायला लागला तर तिनं हात वर करून त्याला गप्प केलं, आणि बराच वेळ तीच बोलली. आवाज ऐकू येत नव्हता. एकदा त्यानं माझ्या खिडकीकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला त्याच्याकडे बघून जे वाटायला हवं होतं ते शोधलं मी. थोडं वाटलं. पूर्वीइतकं नाही.

ती वर आली. म्हणाली, घरी जातेय, पण त्याला माफ केलेलं नाही. सरांच्या फियाटसमोर उभं राहून माफी मागायला तो येणार आहे, तुम्ही दार उघडा अथवा नका उघडू. मी म्हटलं, बघीन. खरंच अजून ठरवलं नाही, आत्या. तू ठरवायला सांगू नको.

ती सामान भरायला लागली. कपड्यांच्या घड्या करता करता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ताई, मला शिकवत होतात, स्टुलावर बसवून. ते पण उसीमें था क्या?"

मी म्हटलं, नाही. ते त्यात नव्हतं. हे खरं आहे, आत्या, यातलं दुसरं काही खरं नसलं तरी. पण तिच्या बापाला 'मला काय माहीत' म्हणाले होते तेव्हाही माझा आवाज असाच निघाला होता, एकदम साफ.

तिनं मान हलवली आणि बॅग उचलली. तिला पटलं का, हे मी जिन्याच्या कठड्याशी उभी राहून तिची पावलं खाली जाताना ऐकत होते, तेव्हाही मला कळलं नाही.

तुझी,
संहिता